इंजिनच्या मागून कूलंट गळतंय, हेड उतरवायचं की गिअरबॉक्स?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, पेट्रोल, चार सिलिंडर. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामुळे गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि इंजिनची पाठ फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जवळजवळ टेकलेली. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, त्याच्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. वडिलांनी वापरलेली गाडी आहे आणि ऑइल, ब्रेक, बेल्ट अशी कामं मीच करते. म्हणून हेही शक्यतो स्वतः करायचं आहे.

त्रास असा. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लचवरच्या आवरणाच्या) तळाच्या भोकाखाली तळहाताएवढा हिरवट ओला डाग दिसतो. लांब चालवून आणून गरम उभी केली तर तासाभरानेही खाली कोरडंच. कूलंटच्या टाकीतली पातळी मात्र हळूहळू उतरते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असतो. ऑइल स्वच्छ आहे, फिलरच्या झाकणाखाली पांढरा चिकटा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल. दुसरीकडे सांगितलं, ब्लॉकच्या मागचा कोअर प्लग (ब्लॉकमधलं भोक बुजवणारी पत्र्याची चकती) सडलाय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. दोन्हीकडे कुणी बॅटरी घेऊन मागच्या फटीत डोकावलंसुद्धा नाही, खाली पडलेले थेंब पाहूनच निदान झालं. माझ्या मते ऑइल स्वच्छ असल्यामुळे गॅस्केट नसावं, पण खात्री नाही. एवढं मोठं काम काढण्याआधी गळती नक्की कुठून आहे हे कसं शोधू? प्रेशर टेस्टर (रेडिएटरच्या तोंडावर बसवून दाब द्यायचा हातपंप) मिळण्यासारखा आहे.

रात्रपाळी

ताई, आधी बोटाने तपासा. एसीचं पाणीही फायरवॉलपाशीच गळतं, पण ते साधं पाणी असतं, बोटावर काही उरत नाही. कूलंट बुळबुळीत लागतं आणि वाळल्यावर चिकट डाग राहतो. तुमचं हिरवट आहे म्हणजे कूलंटच असणार. पुढच्या बाजूला वॉटर पंपाच्या खालचं निचऱ्याचं छोटं भोकही बघून घ्या. चालत्या गाडीत वारा तिथलं पाणी ब्लॉकच्या कडेने मागे ढकलतो आणि माणूस मागेच शोधत बसतो.

तेराचा पाना

ताई, अजून काहीही उतरवू नका. तुमच्या वर्णनात एक फार मोलाची खूण आहे, ती दोन्ही गॅरेजांनी ऐकलीच नाही असं दिसतं: गाडी थंड झाल्यावर गळते आणि गरम असताना थांबते.

गरम इंजिनात दाब असतो. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारपर्यंत जास्त दाबाने ढकललं जातं. मग गरम असताना जास्त गळायला हवं, बरोबर? पण जिथे दोन भाग बोल्टने जोडलेत आणि मध्ये कागदी पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडी) आहे, तिथे गरम झाल्यावर धातू फुगतो, पॅकिंग आवळलं जातं आणि बारीक फट मिटते. शिवाय गरम भागावर झिरपलेला थेंब खाली पोचण्याआधीच सुकतो. थंड होताना सगळं आकसतं, कडक झालेलं रबर मात्र जागेवर परत येत नाही, आणि आत थोडा दाब शिल्लक असतानाच पाणी वाट काढतं. होसच्या क्लॅम्पपाशी, फ्लँजपाशी (होस जोडायच्या, बोल्टने बसवलेल्या तोंडापाशी), प्लास्टिकच्या हाउसिंगपाशी ही तऱ्हा नेहमीची. भोक पडलेला कोअर प्लग गरम-थंड पाहत नाही. तो दाब असताना जास्तच गळतो. यावर शिक्कामोर्तब करू नका, पण शोध कुठून सुरू करायचा ते यातून कळतं.

आता ऑइल स्वच्छ असल्याबद्दल. त्यावरून गॅस्केट सुटलं असं समजू नका. हेड गॅस्केटमधून पाणी तीन तऱ्हेने जातं. पाणी ऑइलमध्ये, पाणी सिलिंडरमध्ये, किंवा पाणी सरळ बाहेर. तिसऱ्या तऱ्हेत ऑइल स्वच्छ राहतं, धूर येत नाही, काटाही हलत नाही. फक्त मागच्या कोपऱ्यातून ब्लॉकवर एक ओघळ उतरतो. म्हणून तुमच्या तक्रारीत गॅस्केट अजून संशयितांच्या यादीत आहे.

तुमच्यासारख्या इंजिनच्या पाठीवर, वरून खाली येत गेलं तर, साधारण अशा जागा असतात. सगळ्यात वर हीटरला जाणारे दोन होस. त्याखाली हेडच्या मागच्या टोकाला बोल्टने बसवलेली पाण्याची फ्लँज, तिच्यातूनच एक होस हीटरला जातो. काही इंजिनांत तापमानाचा सेन्सरही तिथेच असतो. मग हेड आणि ब्लॉकची सांध्याची रेघ, म्हणजे गॅस्केट. आणि सगळ्यात खाली, फ्लायव्हीलच्या आड, ब्लॉकचा मागचा कोअर प्लग. यांपैकी कुठूनही पाणी सुटलं तरी ते ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं, बेल हाउसिंगच्या वरच्या फटीतून आत शिरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर पडतं. तुम्हाला सकाळी दिसतो तो डाग चारही ठिकाणांसाठी एकच आहे. त्यावरून निदान करणं म्हणजे माळ्यावरची गळती तळमजल्याच्या फरशीवर शोधणं.

तेव्हा ओला झालेला सगळ्यात वरचा ठिपका शोधायचा. तोच सगळा निकाल देतो. ओल गॅस्केटच्या रेघेच्या वरून सुरू होत असेल तर हेड उतरवण्याचं कारण नाही. रेघेवरच सुरू होत असेल आणि वर ठणठणीत कोरडं असेल तर गॅस्केट. हेड आणि ब्लॉकची पूर्ण पाठ कोरडी असूनही हाउसिंगमधून पाणी येत असेल तरच कोअर प्लग, आणि तेव्हाच गिअरबॉक्सला हात लावायचा.

कसं करायचं ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं राहिलेलं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही; दाब सुटताक्षणी आतलं पाणी उकळून अंगावर उसळतं. मागची बाजू ब्रेक क्लीनरने धुवून पूर्ण सुकू द्या. मग त्यावर टाल्कम पावडर उडवा. पावडर पाणी पिऊन गडद होते आणि ओघळाची वाट आपोआप रेखाटली जाते. मोबाइलला जोडायचा लवचीक कॅमेरा मिळाला तर उत्तम, नाहीतर दांडीचा आरसा आणि बॅटरी. प्रेशर टेस्टर बसवा, झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्या, त्यापेक्षा कणभरही जास्त नको. जुना हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) आणि प्लास्टिकच्या टाक्या जादा दाबाने फुटतात आणि मग आपणच नवी गळती तयार करतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा. सुई उतरत असेल तर वाट बघत बसण्यात अर्थ आहे, थेंब कुठेतरी दिसणारच. मागे काहीच दिसत नसेल आणि सुई उतरतेय, तर पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा चाचपून बघा. हीटर कोअर आत गळत असेल तर तो ओला लागतो, काचेवर तेलकट वाफ धरते आणि गाडीत गोडसर वास येतो.

ही चाचणी थंड इंजिनावरच करायची, गरम नाही. गरम इंजिन निवत असताना पाणी आकसल्यामुळेच सुई खाली येते आणि नसलेली गळती दिसते.

डिझेलभक्त

एवढा खटाटोप कशाला? रेडिएटरमध्ये लीक-स्टॉपची बाटली ओतायची, मोकळं व्हायचं. माझ्या जुन्या जीपमध्ये चाललंय.

तेराचा पाना

भाऊ, तुमचं चाललं याचा आनंद आहे, पण ताईंना मी हा सल्ला देणार नाही. ते द्रव्य गळती ओळखत नाही, ते अरुंद जागा ओळखतं. पाण्याच्या वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागा म्हणजे हीटर कोअर आणि रेडिएटरच्या नळ्या. शिवाय कडक झालेलं पॅकिंग दर थंडगरमीला हलत राहतं, त्यावर बसलेली खपली टिकत नाही. निर्मनुष्य रस्त्यावर अडकलात आणि घर गाठायचंय, तेवढ्यापुरतं ठीक. शोधायला वेळ आहे, हत्यारं आहेत, तिथे नको.

चाकोरीबाहेर

काका, सांगितलंत तसं सगळं केलं. वॉटर पंपाचं भोक कोरडं आहे, रात्रपाळी यांचे आभार. गालिचाही कोरडा. ०.९ चा दाब दिला, सुई हळूहळू उतरू लागली. कॅमेरा फायरवॉलच्या फटीतून आत सोडला. दोन्ही हीटर होस कोरडे. हेडच्या मागच्या फ्लँजच्या खालच्या कडेला एक थेंब जमा होत होता, मोठा होऊन खाली घसरला आणि पावडरमध्ये गडद रेघ उमटली. ती गॅस्केटची रेघ ओलांडून बेल हाउसिंगच्या फटीत गेली. फ्लँजच्या वर सगळं पांढरं स्वच्छ. कडेला जुना हिरवट-पांढरा खर बसलेला दिसतो, म्हणजे बरेच दिवस झिरपत असणार.

फ्लँजला दोन बोल्ट आहेत, त्यांतला एक कॅमेऱ्यात खूप गंजलेला दिसतो. हात जेमतेम शिरतो. आता हे काम मी करू शकेन का? आणि हेड गॅस्केटची वेगळी चाचणी करून घेऊ का?

तेराचा पाना

शाब्बास! हेड वाचलं तुमचं.

गॅस्केटची चाचणी करून घ्यायला हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवून चालू इंजिनातली वरची हवा त्यातून ओढतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. निळाच राहिला तर निर्धास्त पुढे जा.

काम तुम्ही नक्की करू शकाल. अवघड आहे ते फक्त हात पोचणं आणि तो गंजलेला बोल्ट. बाकी सगळा संयमाचा भाग.

बॅटरीची ऋण तार काढा. कूलंट रेडिएटरच्या खालच्या नळीतून स्वच्छ भांड्यात काढून घ्या आणि लगेच झाका. त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतो. कुत्रं-मांजर चाटून मरतात. सांडलेलं तत्काळ पुसा आणि पाण्याने धुवा.

होस फ्लँजच्या नळीवर घट्ट चिकटलेला असेल. तो ओढू नका, पिरगाळू नका, खाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. होसला लांबीने ब्लेडचा चिरा द्या आणि सोलून काढा. नवा होस तसाही घालायचाच आहे. ब्लेड नळीच्या धातूवर टेकवून ओरखडा पाडू नका, नवा होस त्याच ओरखड्यातून गळेल.

गंजलेल्या बोल्टसाठी पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा मारा. सहा बाजूंचा सॉकेट वापरा, बारा बाजूंचा नको. गंजून बारीक झालेल्या डोक्यावर बारा बाजूंचा घसरतो आणि कडा खातो. सोडवण्याआधी आवळण्याच्या दिशेने केसभर जोर द्या, गंजाची पकड तुटते. मग सोडवा. कर्र आवाज करत जड फिरू लागला तर थांबा, अर्धा फेरा परत आत न्या, पुन्हा ऑइल, पुन्हा बाहेर. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजला की तो एकदम सुटत नाही, असा पुढेमागे करत समजावून काढावा लागतो.

फ्लँज निघाली की हेडच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा, त्यानंतरच खरवडायला घ्या. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पातीने काढा. ड्रिलला लावायची घासणी चकती अजिबात नको. ती अ‍ॅल्युमिनियममध्ये खड्डे करते, आणि तिच्यातून उडणारी खर इंजिनात गेली तर बेअरिंग खाते. फ्लँजचा पृष्ठभाग जाड काचेवर ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा. सगळीकडे एकसारखी चमक आली की सपाट झाली. मग नीट बघा. क्षरणाचे खड्डे नुसते कडेला असतील तर चालेल. पण एखादा खड्डा आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचत असेल किंवा ओ-रिंगच्या खाचेला छेदत असेल तर नवी फ्लँज घ्या. तिथे सीलंट थापून वेळ मारून नेऊ नका.

ओ-रिंग असेल तर तिला सीलंट लावायचं नाही, फक्त कूलंटचं बोट फिरवून बसवायची. कागदी पॅकिंग असेल तर दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात. जाड लावलं तर आत लोंबतं, तुटतं आणि कुठेतरी अडकतं. बोल्टचं भोक आत पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर आट्यांनाही सीलंट हवं. तारेने चाचपलं की कळतं. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एम-६ चे (६ मिलिमीटर जाडीचे) असतील तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पहिला.

रात्रपाळी

एक भर घालतो. हात आत गेलेलाच आहे तर दोन्ही हीटर होस बदला. तापमानाचा सेन्सर त्या फ्लँजवर असेल तर त्याचं वॉशर किंवा ओ-रिंगही. एवढ्याशा रबरासाठी तीच कसरत पुन्हा कोण करणार.

चाकोरीबाहेर

फ्लँज निघाली. गंजलेला बोल्ट न तुटता आला, पुढेमागे करण्याची युक्ती कामाला आली. आत ओ-रिंग होती, दगडासारखी कडक आणि चपटी झालेली. फ्लँजवर खालच्या बाजूला एक खड्डा थेट खाचेत शिरलेला आहे, म्हणून नवी मागवली. हेडची बाजू गुळगुळीत आहे. निळ्या द्रवाची चाचणी आधीच करून घेतली होती, रंग निळाच राहिला. दोन प्रश्न: असा खड्डा पडतो कशामुळे? आणि नवं कूलंट भरताना हवा अडकते असं वाचलंय, या इंजिनात मागचं टोकच उंच वाटतं.

तेराचा पाना

खड्डा पडतो कारण कूलंट म्हातारं झालं. कूलंटचं काम नुसतं थंडावा देणं नाही. त्यातली गंजरोधक द्रव्यं धातूवर संरक्षक थर धरून ठेवतात आणि ती वापरात संपत जातात. रंग हिरवाच राहतो, ताकद संपलेली असते. जुन्या धाटणीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावं, सेंद्रिय आम्लांचं पाचेक वर्षं चालतं. दोन जाती एकमेकांत मिसळायच्या नाहीत, आणि रंगावरून जात ठरवायची नाही, डब्यावरचं वाचायचं. नळाच्या जड पाण्यातले क्षार आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला छळतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच. निम्मं कूलंट, निम्मं पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि उकळतंही पाण्यापेक्षा उशिरा. जास्त घट्ट केलं तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता उलट कमी होते.

भरण्याआधी सगळी यंत्रणा डिस्टिल्ड पाण्याने धुवून घ्या. हवेबद्दलची तुमची शंका रास्त आहे. गाडीचं नाक चढाकडे करा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा. हीटरच्या होसवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर उघडा, त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा. कूलंट सावकाश ओता, मध्ये मध्ये होस हाताने दाबत राहा.

मग इंजिन चालू करायच्या आधी टेस्टर लावा. पुन्हा ०.९, पुन्हा वीस मिनिटं. सुई जागची हलली नाही तरच किल्ली फिरवा. इंजिन रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत चालू द्या आणि आतून हीटरचा वारा बघा. काटा गरम दाखवतोय पण वारा थंडच येतोय, तर हवा अजून हीटरपाशी अडकलीय. बंद करा, निवू द्या, पातळी भरा, पुन्हा करा.

डिझेलभक्त

वाचत होतो. माझ्याही जीपच्या हीटरचा वारा कोमटच येतो. आता कळलं बाटली कुठे गेली ते. कोअर धुवून बघतो.

तेराचा पाना

भाऊ, दोन्ही होस काढून उलट्या दिशेने हलक्या दाबाने पाणी सोडा, म्हणजे जिथून बाहेर येतं तिथून आत. हवेचा जोरदार फवारा नको, जुना कोअर फाटतो.

चाकोरीबाहेर

नवी फ्लँज, नवी ओ-रिंग, दोन्ही नवे होस, नवे बोल्ट. टेस्टरची सुई वीस मिनिटं जागेवरच होती. हवा निघायला दोनदा गरम-थंड करावं लागलं, आता हीटरचा वारा चांगला तापतो. बेल हाउसिंगच्या भोकातून पहिल्या सकाळी दोन थेंब आले आणि जीव घाबरला, पण कॅमेऱ्यात फ्लँजपासून खालपर्यंत सगळं कोरडं दिसलं.

तेराचा पाना

ते हाउसिंगमध्ये साचलेलं जुनं पाणी असणार, गाडी चालली की निघून जाईल. पावडर तशीच राहू द्या आणि आठवड्याभराने थंड इंजिनावर एकदा कॅमेरा घाला. क्लच सोडताना गाडी थरथरते का किंवा क्लच घसरतो का, तेवढं लक्षात ठेवा. एवढे दिवस कूलंट आत झिरपत होतं, प्लेटला लागलं असेल तर त्यातून कळेल. दोन्ही नसेल तर गिअरबॉक्स आहे तिथेच राहू द्या.